माजघराच्या भिंतीपलीकडे वायफाय

वाईतील आमचे घर जुने आहे. खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि सुमारे दोन फूट जाडीच्या आहेत. वर माडी असून तिची जमीन लाकडी तक्तपोशीची आहे. केबलवाल्याने फायबरचे इंटरनेट दिले, तेव्हा रस्त्यावरच्या खांबावरून आलेली तार ओसरीच्या खिडकीतून आत घेतली आणि तेथेच भिंतीला पांढरी पेटी टांगली. वायफायही त्याच पेटीतून मिळत असे. ओसरीवर नेट उत्तम चाले, माजघरात रडतरखडत, आणि माजघरापलीकडच्या खोलीत, जेथे माझे मुद्रितशोधनाचे टेबल आहे आणि नातीचा अभ्यासही चालतो, तेथे फोनवरची वायफायची खूण एका रेघेवर येऊन विझून जाई. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरायचे आणि काम मात्र मोबाइल डेटावर करायचे, हा प्रकार थांबवण्यासाठी स्वतंत्र राउटर घेऊन तो स्वतः बसवावा, असे मी ठरवले. संगणकाशी माझा संबंध तोपर्यंत मजकूर तपासण्यापुरताच होता.

सर्वप्रथम मी केबलच्या मुलाला बोलावून तक्रार सांगितली. त्याने हातातले मीटर फायबरला लावले, त्यावर उणे एकवीस हा आकडा आला, आणि तो म्हणाला, "काकू, तुमच्यापर्यंत नेट व्यवस्थित येतंय. पुढची अडचण भिंतींची आहे." त्या आकड्याचा अर्थ मी विचारून घेतला. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात; घरच्या जोडणीत ती साधारण उणे आठ ते उणे सत्तावीस यांच्या दरम्यान असावी लागते, आणि उणे सत्तावीसच्या खाली गेली की जोडणी तुटू लागते. म्हणजे बाहेरून घरापर्यंत येणारी वाट ठीक होती आणि घरातल्या घरातली वाट बिघडलेली होती. या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे एकदा मनात पक्के झाल्यावर पुढचा प्रत्येक निर्णय मला सोपा गेला. नेट "चालत नाही" असे आपण सरसकट म्हणतो, पण ते नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय राउटर बदलूनही काही हाती लागत नाही.

पेटीच उचलून माजघरात न्यावी, हा पहिला विचार मनात आला होता. तो मी सोडला, कारण फायबरची तार काचेची असते; ती कोपऱ्यात काटकोनात दुमडली की प्रकाश बाहेर सांडतो, आणि लांबी कमी पडल्यास जोड देण्यासाठी वेगळे यंत्र लागते. तिच्या टोकाचा हिरवा कनेक्टर आठ अंशांत तिरका घासलेला असतो व तो निळ्या कनेक्टरशी जोडायचा नसतो, हेही त्या मुलाने सांगितले. शिवाय त्या टोकात डोकावून पाहू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. तेव्हा फायबर आहे तेथेच ठेवून, पेटीपासून माजघरापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढावी आणि नवा राउटर माजघरात, म्हणजे घराच्या मध्यावर ठेवावा, असे ठरले. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आम्हाला पंधरा मीटरही लागणार नव्हती.

आता जुन्या पेटीचे काय करायचे, हा प्रश्न उरला. ती पेटी तोपर्यंत दोन कामे करत होती: प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर आणि त्यापुढे राउटरचे, म्हणजे आलेले नेट घरातल्या उपकरणांना वाटून देण्याचे, सगळे काम. तिच्यामागे दुसरा राउटर तसाच जोडला, तर एकामागे एक असे दोन राउटर होतात. त्यानेही नेट चालते, पण दोघांचा अंतर्गत पत्ता एकच निघाला तर गोंधळ उडतो आणि दोष शोधायची वेळ आली की दोन ठिकाणी शोधावे लागते. दुसरा पर्याय असा की राउटरचे काम जुन्या पेटीकडेच ठेवायचे आणि नव्या राउटरला केवळ ॲक्सेस पॉइंट करायचे, म्हणजे त्याने फक्त वायफाय पसरवायचे. नवख्या माणसासाठी हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे आणि कोणी विचारले तर मी तोच सुचवीन. मी स्वतः मात्र तिसरा निवडला: जुनी पेटी ब्रिज मोडमध्ये टाकायची, तिने फक्त प्रकाशाचे रूपांतर करायचे आणि लॉगिनपासून वायफायपर्यंत बाकी सारे नव्या राउटरने सांभाळायचे. ती पेटी बरीच जुनी होती आणि तिच्या वायफायवर चार-पाच उपकरणे एकदम आली की ती अडखळत असे, म्हणून तिच्यावरचा भार कमी करावा असे मला वाटले. त्यासाठी केबलवाल्याची संमती लागते, कारण बदल त्यालाच करावा लागतो. मुलगा म्हणाला, "ब्रिज करून देतो, पण मग राउटरचं काही झालं तर तुमचं तुम्हाला बघावं लागेल." मी म्हटले, "बघेन की. तू मला फक्त युजरनेम आणि पासवर्ड एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दे."

राउटर घेताना दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "किती अँटेनांचा दाखवू?" अँटेनांच्या संख्येवरून राउटर निवडणे म्हणजे पानांच्या संख्येवरून पुस्तक निवडणे होय. मी खोक्यावरचे बारीक अक्षर वाचत बसले, त्यात माझ्या व्यवसायाची सवय उपयोगी पडली. खोक्यावर मोठ्या ठशात १५०० असा आकडा असला, तरी तो दोन लहरपट्ट्यांच्या वेगांची बेरीज असतो: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर १२००. आणि हे दोन्ही आकडेही कागदावरचेच, कारण प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी समाधान मानावे. त्याहून महत्त्वाची नोंद खोक्याच्या मागे होती, ती म्हणजे राउटरची पोर्टे, म्हणजे केबल खुपसायच्या खाचा, गिगाबिटची (हजार एमबीपीएसपर्यंतची) आहेत की दहा-शंभरची. दहा-शंभरच्या पोर्टातून कितीही केले तरी पंच्याण्णव एमबीपीएसच्या आसपासच मिळते. आज आमचा प्लॅन शंभराचा आहे, उद्या तो दोनशेचा झाला तर राउटर पुन्हा बदलावा लागला असता. शेवटी वायफाय ६ (वायफायची सहावी पिढी) असलेला, गिगाबिट पोर्टांचा, तीन हजारांच्या आसपासचा राउटर घेतला. याहून महाग राउटरांनी आमच्या भिंतीवर काही चमत्कार केला असता, असे मला वाटत नाही.

केबल ओढण्याचे काम आमच्या नेहमीच्या वायरमनने केले. दगडी भिंतीला भोक पाडण्याची वेळ आली नाही. दाराच्या चौकटीवर विजेच्या तारांसाठी पूर्वी ठेवलेली वाट होती, परंतु लॅन केबल विजेच्या तारेला चिकटून फार लांब नेऊ नये म्हणून त्याने ती चौकटीच्या दुसऱ्या अंगाने नेली. प्लग आधी बसवला तर तो वाटेतून जात नाही, म्हणून आधी केबल ओढायची आणि मग दोन्ही टोकांना क्रिंपिंग करायचे, म्हणजे प्लग दाबून बसवायचे. आतल्या आठ तारांचा क्रम ठरलेला असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. त्याच्याकडे आठ दिव्यांचा टेस्टर होता आणि मी तो लावायचा आग्रह धरला, ते बरेच झाले, कारण सातवा दिवा लागेना. वायरमन म्हणाला की नेट तरीही चालेल, आणि ते खरेच होते. शंभराच्या वेगाला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. म्हणजे तो दोष तसाच राहिला असता तर आज कोणाला कळलाही नसता आणि प्लॅन वाढवला त्या दिवशी वेग का वाढत नाही म्हणून आम्ही केबलवाल्याशी भांडत बसलो असतो. एका टोकाचा प्लग कापून नवा बसवल्यावर आठही दिवे ओळीने लागले.

यानंतर राउटर चालू केला. त्याच्या तळाच्या चिकटपट्टीवर वायफायचे मूळ नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता छापलेला होता. आमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असा आहे, काहींचा १९२.१६८.१.१ असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तेच पत्ते लाखो घरांत असतात आणि तरी कोणाचा कोणाशी संघर्ष होत नाही. फोन त्या वायफायला जोडून मी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, तरी पान उघडेना. कारण असे की नव्या राउटरमध्ये अजून इंटरनेट आलेले नसते, फोनला ते जाणवते आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. तेथे अर्थातच हा पत्ता सापडत नाही. मोबाइल डेटा बंद करताच पान समोर आले. सूचनापत्रिकेत या गोष्टीचा उल्लेख नव्हता, आणि नवखा माणूस सर्वांत आधी अडतो तो येथेच, असे माझे मत झाले आहे.

त्या पानाने प्रथम नवा ॲडमिन पासवर्ड ठरवायला सांगितले. येथे दोन पासवर्डांत गल्लत होण्याचा संभव असतो. एक राउटरच्या सेटिंगचा, जो घरातल्या एखाद-दुसऱ्या माणसालाच ठाऊक असावा. दुसरा वायफायचा, जो पाहुण्यांनाही सांगावा लागतो. पहिला बदलण्याचा कंटाळा बरेच जण करतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते बहुतांशी कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे, आणि त्या उपकरणांच्या माऱ्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली होती. वाईतल्या एका राउटरने जगाचे काही बिघडणार नाही, हे खरे. पण त्या उपकरणांचे मालकही तसेच म्हणत असणार.

पुढच्या पानावर जोडणीचा प्रकार विचारला होता. तेथे पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायचा प्रकार, निवडून कागदावरचे युजरनेम आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर ताडून भरले, तरी "ऑथेंटिकेशन फेल" असा शेरा आला. मी पेटीकडे पाहिले. त्या पेटीवरचे दिवे वाचायला मी एव्हाना शिकले होते: पीओएनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर फायबर आणि प्रकाश ठीक, एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटले किंवा निखळले, लॅनचा दिवा लुकलुकत असेल तर केबलमधून संकेतांची ये-जा चालू आहे. तिन्ही बाबी ठीक होत्या, म्हणजे अडचण लॉगिनच्याच टप्प्यात होती. केबलवाल्याला फोन करून मी तेवढेच सांगितले. जुन्या पेटीचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, त्यांच्या संगणकात आमच्या खात्याशी बांधलेला होता आणि तिचे आधीचे लॉगिनही त्यांच्याकडे अजून चालू दिसत होते. त्याने मॅक मोकळा केला, मला पेटी काही मिनिटे बंद ठेवायला सांगितले, आणि ती पुन्हा चालू केल्यावर राउटरचा नारिंगी दिवा हिरवा झाला. त्याला "नेट चालत नाही" एवढेच सांगितले असते, तर तो दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन खांबावर चढला असता.

वायफायची सेटिंग करताना मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यायचे की वेगवेगळी, हा पहिला मुद्दा. एकच नाव दिले तर कोणती पट्टी घ्यायची ते उपकरण ठरवते. वेगळी दिली तर आपण ठरवतो. २.४ च्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि त्या भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. ५ च्या लहरी त्याच्या निम्म्याहून आखूड, वेगवान, पण दगडापुढे हात टेकणाऱ्या. आमच्या घरात कोणत्या खोलीत कोणती पट्टी पोहोचते हे मला प्रत्यक्ष पाहायचे होते, म्हणून मी नावे वेगळी ठेवली. शिवाय आमचा प्रिंटर फक्त २.४ ओळखतो.

२.४ मध्ये आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. परस्परांना अजिबात न अडवणारे असे एक, सहा आणि अकरा हे तीनच. फोनवरच्या एका साध्या ॲपने आजूबाजूची वायफाये पाहिली, तर आमच्या आळीतली निम्मी सहावर होती. मी अकरा निवडला. याच लहरींवर ब्लूटूथ चालते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही, त्यामुळे मायक्रोवेव्ह चालू असताना शेजारी बसून व्हिडिओ कॉल केला की चित्र अडकते, ते यामुळेच. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आलेले वायफायच्या कुलुपाचे मानक निवडले, तेव्हा प्रिंटर जोडला जाईना. मग त्याआधीचे डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवला. डब्ल्यूपीएस हे बटण दाबून जोडण्याचे साधन मी बंद केले. त्यातला आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे तो कोट्यवधी नव्हे तर फार तर अकरा हजार प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. मी एक लांब मराठी वाक्य रोमन अक्षरांत, जागा न सोडता लिहिले. घरच्यांना ते पाठ होते आणि परक्याला अंदाज येत नाही.

राउटर नेमका कोठे ठेवायचा, यावर घरात मतभेद होते. माजघराच्या भिंतीत एक सुरेख कोनाडा आहे आणि राउटर त्यात ठेवला की दिसतही नाही, म्हणून सर्वांची पसंती त्यालाच होती. परंतु कोनाडा म्हणजे तिन्ही बाजूंनी दगड. मी फोनवर संकेतांची ताकद मोजणारे ॲप उघडून कोनाड्यात, लोखंडी कपाटावर आणि दाराच्या चौकटीशेजारी लाकडी फळीवर असा राउटर ठेवून प्रत्येक खोलीत जाऊन आकडे टिपले. हेही आकडे उणे डीबीएममध्येच असतात. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे सत्तरच्या पुढे अडचण सुरू, आणि प्रत्येक तीन अंकांना ताकद निम्मी होते. कोनाड्यातून पलीकडच्या खोलीत २.४ वर उणे त्र्याहत्तर येत होते. कपाटावरून थोडे बरे, पण एका बाजूला पत्र्याची सावली पडावी तसा आकडा एकदम घसरत होता. चौकटीशेजारच्या फळीवरून मात्र उणे एकसष्ट आले, कारण तेथून संकेतांना उघड्या दाराची वाट मिळत होती. बारा अंकांचा फरक म्हणजे सुमारे सोळा पट ताकद, तीही एक रुपया न खर्चता. कोनाड्यात पुन्हा समई गेली.

माडीने मात्र चकित केले. खाली शेजारच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पोहोचत होते, पण माडीवर, तक्तपोशीतून, ते सुखाने जात होते, इतका दगड आणि लाकूड यांत फरक आहे. सरळ उभ्या अँटेनेचे संकेत आडव्या दिशेने सगळीकडे पसरतात आणि थेट वर किंवा खाली कमी जातात, म्हणून एक अँटेना आडवी कलती केली. त्याने माडीवरचा आकडा आणखी सुधारला.

मग वेग तपासला, तोही टप्प्याटप्प्याने. प्रथम लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला, तेव्हा शंभराच्या अगदी जवळचा आकडा आला, म्हणजे राउटरपर्यंतचे सर्व टप्पे ठीक. नंतर माजघरात वायफायवर तोच आकडा, आणि माझ्या टेबलाशी २.४ वर तीस ते चाळीस. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे मी समाधानी आहे. नातीची शंका अशी होती की शंभराचा प्लॅन असून फाइल उतरताना बाराच का दिसतात. तिला सांगितले की प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये, आठ बिटांची एक बाइट होते, तेव्हा शंभर भागिले आठ कर.

वीज गेल्यावर नेट जाऊ नये म्हणून एक छोटा डीसी यूपीएसही घेतला. तो घेताना राउटर आणि पेटी या दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या अधिक-उणे खुणा पाहून घ्याव्यात. आमच्याकडे दोन्ही बारा व्होल्टची असल्याने काम सोपे झाले. केवळ राउटरला यूपीएस देऊन भागत नाही, पेटीलाही द्यावा लागतो. केबलवाल्याच्या यंत्रापासून आमच्या पेटीपर्यंत मधल्या वाटेवर प्रकाश विभागणाऱ्या ज्या डब्या असतात त्यांना वीज लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडचे यंत्र बॅटरीवर चालू असेल तोवर गावात अंधार असतानाही आमचे नेट चालू राहते. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की मात्र मी अडॅप्टर काढून ठेवते. काचेच्या तारेतून विजेचा झटका येत नाही, तो येतो विजेच्या बोर्डातून.

परसातल्या खोलीपर्यंत अजून वायफाय पोहोचत नाही. दुकानदाराने त्यासाठी रिपीटर, म्हणजे आलेले वायफाय पुन्हा पुढे पसरवणारे यंत्र, सुचवला होता, परंतु साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो, आणि मुळात माझ्या टेबलाशी तीस-चाळीसच उरलेले असताना त्याचे निम्मे करण्यात अर्थ नाही. राउटरची तीन लॅन पोर्टे मोकळी आहेत. दिवाळीपूर्वी वायरमन रंगकामाच्या निमित्ताने येईल तेव्हा त्यांतल्या एकातून परसापर्यंत केबल ओढून घ्यायची आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावायचा, असे ठरले आहे. या खेपेला टेस्टरचे आठही दिवे लागल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, हे त्याला आधीच सांगून ठेवले आहे.